नकाशावर कुंकू

या ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना माझं नाव ओळखीचं वाटेल. कोणी 'आमच्या जिन्यावर पावलं वाजतात' असं लिहिलं, की खाली 'आधी बॉयलर चेक करा' अशी कमेंट टाकणारी ती आगाऊ बाई मीच. कोणाला बेडरूममध्ये सावल्या दिसल्या, तर बॉयलरमधून गळणाऱ्या गॅसनेही भास होतात असं सांगून मी त्यांना कार्बन मोनॉक्साइड अलार्मची लिंक पाठवलेली आहे. एका ताईंना तर मी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं, त्यावर त्यांनी मला ब्लॉक केलं. ताई, चुकून हे वाचत असाल तर... आता तुमची पाळी. काय हवं ते बोला.

आधीच सांगते, यात भूत नाही. कोणी मेलेलं परत येत नाही, कुत्रं रडत नाही, लाइट जात नाहीत. जे घडलं ते भर दुपारी, आमच्या डायनिंग टेबलवर, दहीभाताच्या वाटीशेजारी. तरी ते कसं घडलं हे मला सांगता येत नाही, आणि तेच मला टोचत राहतं. मी नकाशांवर काम करते. एखादी गोष्ट कागदावर जिथे आहे तिथे का आहे, हे सांगण्याचा मला पगार मिळतो.

आम्ही कार्डिफला राहतो, रोथ पार्कच्या मागच्या गल्लीत. माझा नवरा संजीव हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. मी युनिव्हर्सिटीत जुने सर्व्हे नकाशे आजच्या सॅटेलाइट चित्रांवर बसवते. म्हणजे जुना कागद स्कॅन करायचा, त्यावरची न हलणारी ठिकाणं — शिखरं, नद्यांचे संगम — आजच्या चित्रात शोधायची, आणि मग कागद थोडा ताणून, थोडा फिरवून त्यावर चपखल बसवायचा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. आहेच. पण मला ते आवडतं, कारण त्यात शेवटी उत्तर निघतं.

आता आई. साताऱ्याची, बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेली, शब्दकोडं पेनाने सोडवणारी बाई. हिशेबाला पक्की, बोलायला त्याहून पक्की, आणि दिशांच्या बाबतीत ठार ढ. आमच्या पार्कातल्या तळ्याला फेरी मारायला जाते. पाण्याच्या कडेने चालत राहिलं की माणूस आपोआप जिथून निघाला तिथे पोचतो. तरी तिचा फोन येतो, "मेधा, मी कुठे आहे गं?" फोनमधला नकाशा दाखवला तर आधी फोन गोल फिरवते, मग स्वतः गोल फिरते, आणि शेवटी कोणातरी कुत्रा फिरवणाऱ्या गोऱ्या आजोबांना विचारते.

बाबा गेल्यापासून ती वर्षातून दोनदा आमच्याकडे येऊन राहते. बाबा गेले तेव्हा तिने कुंकू सोडलं आणि बांगड्याही. मला याचा भयंकर राग येतो. "आई, तू युनियनच्या मीटिंगमध्ये टेबलं आपटून भाषणं ठोकायचीस, आणि आता हे काय?" असं मी म्हणते. "कोणी सांगितलं म्हणून नाही, मलाच घालावंसं वाटत नाही, बास," असं ती म्हणते. मी दर वर्षी तिच्यासाठी काचेच्या बांगड्या आणते. ती कौतुकाने बघते आणि सुटकेसच्या आतल्या कप्प्यात ठेवून देते. तो कप्पा आता चांगलाच भरलाय.

आमचा दुसरा वाद आसरांवरून. माझं आजोळ माण तालुक्यातलं. गावाबाहेरच्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा. पाण्याच्या देवता, सात बहिणी. चैत्रात त्यांना हळदकुंकू वाहायचं, हिरव्या बांगड्या ठेवायच्या आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, ही आईच्या माहेरची पद्धत. पण कार्डिफमध्ये विहीर कुठून आणायची? हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षी ती दहीभाताची वाटी घेऊन तळ्यावर गेली. नैवेद्य काठावर ठेवून हात जोडेपर्यंत हंसांनी तो फस्त केला, आणि पार्कच्या माणसाने येऊन अत्यंत नम्रपणे सांगितलं, की भात पक्ष्यांना चांगला नसतो, डिअर. घरी आल्यावर आईची कुरकुर सुरू. "मी पक्ष्यांना कुठे दिला? आणि तो मला डिअर का म्हणाला?"

या सगळ्यात डोलकर कुठून आली ते सांगते. डोलकर आमच्या डिपार्टमेंटमध्ये पीएचडी करते. मूळची लडाखच्या पूर्वेकडच्या पठारावरची. ते पठार म्हणजे उंचावरचं वाळवंट आहे, झाड नाही, पाऊस नावाला, नुसता वारा आणि दगड. तिची जमात भटकी, मेंढ्या आणि याक घेऊन फिरणारी. उन्हाळ्यात डोंगराच्या अलीकडच्या कुरणात राहायचं आणि हिवाळ्यात पलीकडच्या एका खोऱ्यात उतरायचं, कारण तिथे वारा कमी लागतो. आणि त्याच हिवाळी खोऱ्याला आता कुंपण पडणार होतं. मोठा सोलर प्रकल्प येत होता.

जमिनीचा निर्णय घ्यायला तिथे एक समिती नेमली होती. समितीचा प्रश्न साधा होता. या खोऱ्यात तुमची माणसं राहायची, तर पाणी कुठून आणायची? पुराव्याला इंग्रजांच्या काळचा एक सर्व्हे नकाशा होता, आणि तो नेमका डोलकरच्या विरुद्ध बोलत होता. त्यावर निळ्या शाईचे सहा बारीक ठिपके, म्हणजे सहा झरे. सगळे अलीकडच्या उन्हाळी कुरणात. पलीकडचं खोरं कोरं करकरीत.

डोलकरची आजी, जिला ती आबी-ले म्हणते, सांगत होती की खोऱ्यात झरा होता. तरुणपणी ती स्वतः तिथे पाणी भरायची. मग एका वर्षी डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि झरा गाडला गेला. तेव्हापासून माणसं बर्फ वितळवून हिवाळा काढत होती. पण झरा नेमका कुठे होता? ते आबी-लेला सांगता येईना. खोरं अफाट, लोंढ्याने खुणा पुसून टाकलेल्या, आणि तिचे पाय आता चालत नाहीत. ती गावात डोलकरच्या काकाकडे असते.

नकाशा असा का झाला हे मला कळत होतं. सर्व्हेची माणसं उन्हाळ्यात यायची. त्या दिवसांत हिवाळी खोऱ्यात चिटपाखरू नसतं. झरा दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी कागद कोरा सोडला आणि निघून गेले. पण मला कळतं हा काही पुरावा होत नाही. मी डोलकरला स्पष्ट सांगितलं, कागदावर जे नाही ते मला काढता येणार नाही.

"मालूम है, मेधा-दी," ती म्हणाली. मग इंग्लिशमध्ये म्हणाली, की आबी-ले रोज फोनवर एकच विचारते, या हिवाळ्याला आपण जायचं कुठे? "तिला मी काय सांगू?"

मला ती मुलगी फार आवडते. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा पहिल्यांदाच कंटाळा आला.

समितीची ऑनलाइन मीटिंग सोमवारी होती. शुक्रवारी मी त्या नकाशाची मोठी प्रिंट घरी आणली. शनिवारी दुपारी डोलकर येणार होती. दोघी बसून आबी-लेच्या आठवणी पेन्सिलने त्यावर टिपायच्या, निदान काहीतरी दाखवायला होईल, असा बेत होता. टेबलवर प्रिंट पसरली तेव्हा आईने विचारलं, "हे काय गं?"

"लडाखकडचे झरे आहेत. कप ठेवू नकोस त्यावर," मी म्हणाले.

एवढंच. शपथेवर सांगते, एवढंच म्हणाले. खोरं, कुंपण, आबी-ले, यातलं अवाक्षरही आईला माहीत नव्हतं. डोलकरला तर ती तोपर्यंत भेटलीही नव्हती.

शनिवारी सकाळी संजीव ड्यूटीवर होता आणि मी भाजी आणायला सिटी रोडला गेले. दुपारी परत आले तर हॉलमधल्या स्मोक अलार्मला माझी शॉवर कॅप घातलेली. आई उदबत्ती लावते तेव्हा ती हे करते. आत गेले. टेबलवर निरांजन, उदबत्ती, दहीभाताची वाटी... आणि हे सगळं माझ्या प्रिंटच्या मधोमध.

"आई! अगं हे काय केलंस?"

"हळू बोल. चैत्र आहे, आसरांना नैवेद्य दाखवतेय."

"हा नकाशा आहे!"

"झरे आहेत म्हणालीस ना तूच?"

"झऱ्यांचा नकाशा आहे आई. झरे तिकडे आहेत, लडाखमध्ये!"

"मग? देव तरी कुठे आपल्या देव्हाऱ्यात राहायला आलेत? फोटोच असतात ना?"

मी आवाज आणखी चढवला. म्हटलं, सोमवारी मीटिंग आहे, माझं काम आहे ते, तुला काय पूजेचा पाट वाटला? तिने शांतपणे निरांजन उचललं, वाटी बाजूला घेतली आणि मला एक चमचा दहीभात हातावर दिला. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी चिडत चिडत खाल्ला.

मग नुकसान किती झालंय ते बघायला वाकले. प्रत्येक निळ्या ठिपक्यावर कुंकवाचं बोट, शेजारी हळदीचं, आणि मधोमध एकेक अक्षत. व्यवस्थित. आईचं सगळंच व्यवस्थित असतं. मी मोजले. सात निघाले. पुन्हा मोजले. सातच. सहा अलीकडच्या कुरणात, आणि एक पलीकडच्या कोऱ्या खोऱ्यात.

"हा एक चुकून पडलाय."

"चुकून कसा पडेल? हळदही आहे, अक्षतही आहे."

"अगं इथे झरा नाहीये. सहाच आहेत, बघ. इथे कोरा कागद आहे."

"आसरा कधी सहा ऐकल्यास का तू?" आई मलाच समजावू लागली. "ही धाकटी. हिला कोणी मोजत नाही, म्हणून ही रुसून बाजूला जाऊन बसते. आमच्या विहिरीवर पण शेवटचा दगड जरा लांबच होता. माझी आई मला सांगायची, तिला विसरू नको हं."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते ती माझ्याशी, टेबलापाशी, मराठीत बोलली. तिसरं कोणी घरात नव्हतं.

सात हा आकडा मी समजू शकते. आसरा सात, म्हणून तिने सात बोटं लावली. पण सातवं तिथेच का? एवढा मोठा कागद होता. आणि मग मला दुसरी गोष्ट सुचली. आईचा चष्मा दोन दिवसांपूर्वी तिच्याच बुडाखाली सापडून मोडला होता, तो दुकानात होता. चष्म्याशिवाय तिला घड्याळ दिसत नाही. ते निळे ठिपके मोहरीपेक्षा बारीक. शिवाय ती किचनच्या बाजूला बसली होती, म्हणजे नकाशा तिच्यासाठी उलटा होता. तरी सहाच्या सहा बोटं नेमकी ठिपक्यांवर.

"तुला दिसले कसे?"

"दिसले," ती म्हणाली आणि वाट्या विसळायला गेली.

तेवढ्यात बेल वाजली. डोलकर दारात, भिजलेली, हातात आईसाठी फुलं. मी दारातूनच माफी मागायला सुरुवात केली. ती टेबलाशी आली, बघितलं, आणि खळखळून हसली. त्यांच्याकडेही झऱ्यात पाण्याच्या देवता राहतात म्हणे, त्यांना लू म्हणतात. त्यांना दूध वाहतात, आणि झऱ्याच्या काठी दगड रचून, त्यांना चुना लावून त्यांचं छोटंसं ठाणं बांधतात. त्यामुळे हा प्रकार तिला अजिबात विचित्र वाटला नाही. एकेका कुंकवावर बोट ठेवत ती झऱ्यांची नावं घेऊ लागली. सातव्याशी तिचं बोट थांबलं.

"ये किसने बताया?"

आईने स्वतःकडे बोट दाखवलं. "मैंने लगाया. जादा हुआ तो सॉरी हां."

डोलकर हसायची थांबली होती. तिने तिथल्या तिथे काकाला फोन लावला आणि आबी-लेला बोलवायला सांगितलं. मी म्हटलं, "झरा कुठे होता असं विचारू नकोस. वाकून पाणी भरताना समोर काय दिसायचं ते विचार." ही आमच्या कामातली जुनी युक्ती. माणसाला जागा सांगता येत नाही, पण समोरचं दृश्य तो विसरत नाही.

फोनवर बराच वेळ दोघींचं बोलणं झालं. मग डोलकरने सांगितलं. पाठीशी लाल टेकडी. समोर दोन डोंगरांच्या मधली फट, आणि त्या फटीत एक पांढरं शिखर, पोराने दाराआडून डोकावावं तसं. भांडं भरून चार पावलं बाजूला झालं की दिसेनासं व्हायचं, पुन्हा झऱ्याशी आलं की दिसायचं.

मी लॅपटॉप उघडला. खोऱ्यातल्या कुठल्या जागेवरून ते शिखर फटीतून दिसेल, हे गणिताने काढता येतं. उत्तर आलं. जमिनीची एक अरुंद, लांबलचक पट्टी. आईचं कुंकू त्या पट्टीवर होतं.

अजूनही मी म्हणत होते, योगायोग. पट्टी लांब आहे, कुठेतरी पडायचंच बोट. मूळ स्कॅन उघडून ती जागा मोठी करून बघितली. वाटलं, पुसट झालेला निळा ठिपका असेल, प्रिंटमध्ये उतरला नसेल, आईला कसाबसा जाणवला असेल. खरं सांगते, मला तो सापडायला हवा होता. सापडला असता तर मीटिंगचं काम झालं असतं आणि मला शांत झोपही लागली असती. काहीच नव्हतं. स्वच्छ कागद.

"कोऑर्डिनेट्स दे, मेधा-दी," डोलकर म्हणाली.

"कुंकवाचे कोऑर्डिनेट्स? समितीला सोर्स काय सांगू? आईचं बोट?"

"समितीला नको देऊ. काकाला दे. काकाकडे फावडं आहे."

मी नाही म्हणाले. हट्टाने नव्हे, भीतीने. त्यांनी खणलं आणि खाली नुसता मुरूम निघाला, तर? आबी-ले एवढी वर्षं झरा आहे म्हणत होती. त्या एका खड्ड्यात तिचा शब्द खोटा पडला असता, तोही माझ्या सहीने. डोलकर टेबलाची कड धरून उभी राहिली. आईने किचनमधून मान बाहेर काढली.

"दे गं. खणल्याने काय बिघडतंय?"

कुंकवाचा ठिपका म्हणजे जमिनीवर एखादं क्रिकेटचं मैदान होतं. मैदानभर खणा असं कोणाला सांगणार? शेवटी मी त्यातल्या तांदळाच्या टोकाचे कोऑर्डिनेट्स काढले आणि पाठवले. माझ्या बॉसला हे कधीही कळू नये.

सोमवारच्या मीटिंगमध्ये डोलकर शांतपणे म्हणाली, झरा आहे, आम्ही दाखवतो. समितीने सांगितलं, मग आम्हीच प्रत्यक्ष येऊन बघतो. मी कॅमेरा बंद करून नखं खात होते.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ढकलत असताना फोन वाजला. डोलकरने व्हिडिओ पाठवला होता. काका आणि आणखी दोघे, वाऱ्याचा घोंघाट. खड्ड्यात कोरडी खडी, मग काळपट ओली खडी, आणि मग तळाशी गढूळ पाणी, हळूहळू वर येणारं. त्यांनी जरा बाजूने उकरलं तर हाताने रचलेले सपाट दगड निघाले, पाणी भरणाऱ्याने पाय ठेवावेत असे. शेजारी लूच्या ठाण्याचा पाया, त्यावर चुन्याचे ओघळ. कोणीतरी काका काका म्हणून ओरडत होतं आणि काका फावड्यावर रेलून रडत होता. मी डबा तिथेच सोडून घरात पळाले. आईने व्हिडिओ बघितला, हात जोडले, आणि विचारलं, "दूध वाहिलं का त्यांनी?"

समिती आली, त्यांनी झरा बघितला, दगड बघितले. आपसात खूप वाद झाले म्हणे, पण शेवटी कुंपणाची रेघ सरकली. खोरं बाहेर राहिलं. आबी-लेला हिवाळ्याला कुठे जायचं याचं उत्तर मिळालं.

पुढच्या रविवारी आमच्या टेबलवरून व्हिडिओ कॉल झाला. आबी-लेला कुंकू लावणारी बाई बघायची होती. दोन म्हाताऱ्या, मध्ये डोलकर दुभाषी. दोघींनी आधी एकमेकींची गुडघेदुखी विचारली, मग नवरे कधी गेले ते विचारलं. शेवटी आईने विचारलं, झऱ्याचं नाव काय?

डोलकरने विचारून सांगितलं. बाकीच्या सहा झऱ्यांना नावं आहेत. याला नाव असं नव्हतं. सगळ्यांपासून लांब, एकटाच पडलेला, म्हणून जुन्या बायका त्याला नुसतं... ती शब्द शोधत थांबली. "छोटी बहन बोलते थे. सबसे छोटी."

माझ्या हातावर सर्रकन काटा आला आणि मी स्वेटरची बाही खाली ओढली. आईचं ते धाकटीबद्दलचं बोलणं मी डोलकरला सांगितलं नव्हतं, सांगायचं सुचलंच नव्हतं. आईला नंतर खोदून खोदून विचारलं, तू बोललीस का तिच्याशी धाकटीबद्दल? "माझं हिंदी तुला माहितीये," ती म्हणाली. डोलकरलाही विचारलं. तिने हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. आई तेवढी अजिबात दचकली नाही. "सांगितलं होतं ना मी," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

उन्हाळ्यात डोलकर घरी जायला निघाली. आईने फर्मान काढलं, धाकटीसाठी हिरव्या बांगड्या पाठवायच्या. कॉव्हेंट्रीला माझ्या मैत्रिणीकडे गेलो असताना तिथल्या भारतीय दुकानात तिने तासभर निवडून काचेच्या घेतल्या, किचन रोलच्या कागदात गुंडाळल्या आणि शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्यात बसवल्या. झऱ्याच्या काठावर ठेव, एवढंच डोलकरला सांगितलं.

आई डिसेंबरात थंडीच्या नावाने बोटं मोडत पुन्हा कार्डिफला आली. त्यानंतर काही दिवसांनी डोलकरचा व्हिडिओ आला. हिवाळी खोरं, याकच्या केसांचा काळा तंबू, मेंढ्यांची गर्दी. जीपमधून आणलेली आबी-ले झऱ्याजवळ लोकरीच्या ढिगात बसलेली. तिने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला, आणि जाड बाहीतून बाहेर आलेल्या हिरव्या बांगड्या. सगळ्या. डोलकर मागून ओशाळून आईला सांगत होती, "सॉरी, अमा-ले. उन्हें लगा उनके लिए हैं. उतार ही नहीं रहीं."

मी आईकडे बघितलं. देवीला वाहिलेल्या बांगड्या, आणि त्या एका विधवा आजीच्या हातात. म्हटलं, आता काय म्हणते कोण जाणे. तिने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. आबी-ले हात हलवून स्वतःच्याच बांगड्यांकडे बघत होती आणि हसत होती.

"असू दे," आई म्हणाली. "धाकटीनेच दिल्या असतील तिला."

आता तुम्ही स्पष्टीकरण विचाराल. मी सगळी करून बघितली आहेत. पाण्याच्या खुणा नकाशाच्या रेषांत असतात, त्या आईने नकळत वाचल्या असतील — पण तिला तळ्याची कड वाचता येत नाही. मी झोपेत बडबडले असेन — पण मलाच जागा माहीत नव्हती. निव्वळ योगायोग — असेल, पण मग चष्मा? आणि धाकटी? सातव्या ठिपक्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा. बॉयलर आम्ही चेक केलाय.

व्हिडिओ आला त्या दिवशी संध्याकाळी आई चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवताना बारीक आवाज झाला, म्हणून मी वर बघितलं. सुटकेसच्या कप्प्यातल्या, मी कधीतरी आणलेल्या दोन हिरव्या बांगड्या होत्या तिच्या हातात. आत्ता हे लिहितेय तेव्हा ती किचनमध्ये भांडी लावतेय, आणि त्या वाजतायत. बाबा गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता.